लातुरात प्लॉटमालकांना पत्रं पाठवून प्लॉट मिळतो का? (नवखा आहे, सांभाळून घ्या)

बार्शीरोडवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी लातूरचा, वय ३१, मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. दोन मित्र आणि मी मिळून नऊ लाख जमवलेत. तीस बाय चाळीस फुटांचा एखादा पडून असलेला प्लॉट घ्यायचा, कागदं नीट करायची, कंपाउंड मारायचं आणि वर्ष-दोन वर्षांनी विकायचा, असा विचार आहे.

दलालाकडं गेलं की आमच्यापर्यंत आलेला प्लॉट चार हातांतून फिरून आलेला असतो. प्रत्येकानं आपले पंचवीस हजार त्यात घातलेले. इकडं दुकानामागच्या ले-आउटमध्ये बाभळी उगवलेले प्लॉट दिसतात रोज. मालक म्हणजे कुणी गुरुजी, कुणी बँकेतले साहेब. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेले, आता पोरांकडं पुण्याला राहतात. अमेरिकेत नवखे लोक अशा बाहेरगावच्या मालकांना थेट पोस्टानं पत्र पाठवतात असं एका व्हिडिओत बघितलं. म्हणलं आपण पण करून बघू.

पत्राचा मजकूर असा केलाय:

"महोदय, आम्ही आपला प्लॉट रोखीने व तात्काळ खरेदी करू इच्छितो. दलाल नाहीत. आजच संपर्क साधा."

खाकी लिफाफ्यात घालून ५०० पाठवायची म्हणतोय. कुणी केलंय का असं? खर्च वाया जाईल का?

---

हुरडापार्टी

५०० पत्रं! पोस्टमन तुमच्या दुकानात मोबाइल टाकायचा बंद होईल भाऊ. आगटी पेटवून बसलोय, येऊ द्या.

---

डॅलसकर_परभणीचा

इथं माझा मेव्हणा हे करतो, म्हणून लिहितो. अमेरिकेत हे चालतं त्याचं कारण पत्र नाही, यादी आहे. इथं घरपट्टीसारख्या कराची नोंद प्रत्येक काउंटीकडं (म्हणजे इथल्या जिल्ह्याकडं) असते आणि ती लोकांना खुली असते. त्यात घराचा पत्ता एका रकान्यात, मालकाला टपाल कुठं पाठवायचं तो पत्ता दुसऱ्या रकान्यात. दोन पत्ते वेगळे दिसले की मालक तिथं राहत नाही हे कळलं. अशी चाळून काढलेली यादी विकत मिळते. माणूस घर बदलून गेला तर इथलं पोस्ट काही महिने नव्या पत्त्यावर टपाल वळवतं, आणि बदललेल्या पत्त्यांशी आपली यादी आधी ताडून घेण्याची सोयही आहे.

मेव्हणा एकदा पाठवून थांबत नाही. त्याच पत्त्यावर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा, मग पुन्हा. पहिलं कार्ड कचऱ्यात जातं. चौथं कार्ड येतं तोवर त्या माणसाच्या घरात काहीतरी घडलेलं असतं, मग तो फोन करतो. छापील कार्डापेक्षा पिवळ्या कागदावर हातानं लिहिल्यासारखं पत्र जास्त उघडलं जातं म्हणतो. तरी शंभर पत्रांमागं एखादा फोन आला तर तो खूश असतो.

तुमच्याकडं ती दोन रकान्यांची यादी कुठून आणणार, ते आधी सांगा.

---

मोगरा_७२

मी त्या "बाहेरगावच्या मालकां"पैकी एकाची मुलगी. माझ्या आईचा अंबाजोगाई रोडला प्लॉट आहे, आई माझ्याकडे पुण्यात असते. मागच्या वर्षी असंच एक खाकी पाकीट आलं. आईला वाटलं कोर्टाची नोटीस. उघडायला तयार नाही. मी संध्याकाळी घरी येईपर्यंत तिचं बीपी वाढलेलं. आत काय, तर "आपला प्लॉट आम्ही तात्काळ घेऊ इच्छितो". सही नाही, नाव नाही, नुसता मोबाइल नंबर. वर प्लॉट नंबर अगदी बरोबर!

तिला रात्रभर एकच प्रश्न, "यांना कसं कळलं गं आपला नंबर?" खोटी बाई उभी करून दुसऱ्याच्या प्लॉटची रजिस्ट्री केल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. आम्ही दुसऱ्या दिवशी सातबारा काढला, आठवड्यात भावाला लातूरला पाठवून कंपाउंडला कुलूप लावलं. फोन करायचा तर प्रश्नच नव्हता.

बार्शीरोडवाले, तुमचं पत्र शब्दाला शब्द तेच आहे. राग नाही, पण समोरच्या घरात ते कसं वाचलं जातं ते सांगावंसं वाटलं.

---

जुना_टपाली

३४ वर्षं टपाल खात्यात काढली, परभणी आणि जिंतूर भागात. मोगराताईंचं शंभर टक्के खरं. खाकी पाकीट म्हणजे आपल्याकडे नोटीस, तगादा नाहीतर भूसंपादन. जालना-नांदेड महामार्गाची मोजणी झाली तेव्हापासून खाकी पाकीट दिसलं की लोक आधी वकिलाला फोन लावतात. मी बीटवर असताना लोक विचारायचे, "सरकारी हाय का हो?" आणि मी हो म्हटलं की घेतच नसत.

उघडलं जाणारं पाकीट कोणतं सांगू? लग्नपत्रिकेचं. पांढरं किंवा फिक्या रंगाचं, वर शाईनं हातानं लिहिलेला पत्ता, आणि डाव्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव-गाव. छापील चिकटपट्टी नको.

आता पैशाचं. साधं पत्र २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांत जातं. ८० जीएसएमचा ए-४ कागद ५ ग्रॅम भरतो, तेव्हा दोन कागद आणि पाकीट आरामात बसतं. आंतर्देशीय पत्र अडीच रुपयांत जातं आणि म्हाताऱ्या माणसांना त्याची अजून माया आहे, पण आत काही घालता येत नाही. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. नवे दर बघता लातूरहून पुण्याला एका स्पीड पोस्टाला जीएसटीसकट पंचावन्नच्या घरात पडेल. पहिल्या पत्राला ते करू नका. सही मागितली की माणूस बिचकतो.

महत्त्वाचं म्हणजे तुमचा परतीचा पत्ता लिहाच. तो असला तर न बटवडा झालेलं साधं पत्रसुद्धा तुमच्याकडे परत येतं, आणि त्यावर पोस्टमननं शेरा मारलेला असतो. तो शेरा वाचायला शिका. "पत्ता अपूर्ण" असेल तर पिन आणि घर नंबर शोधून पुन्हा पाठवा. "सोडून गेले" असेल तर शेजाऱ्याला गाठा. "घेत नाही" असेल तर त्या दाराला पुन्हा हात लावू नका.

---

हुरडापार्टी

आणि "मयत" असेल तर?

---

जुना_टपाली

तर वारसांचं काम सुरू झालं. ते वकीलसाहेब सांगतील.

---

बार्शीरोडवाला

मोगराताई, माफ करा. माझ्या डोक्यात असं काही नव्हतं. "रोखीने" शब्द तर मी विश्वास बसावा म्हणून टाकला होता.

डॅलसकर भाऊ, यादीचं कोडं अर्धं सुटलंय. महाभूमीच्या सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो, पण त्यात नाव आहे, पत्ता नाही. तलाठी अप्पांना विचारलं, हसले.

---

गोदाकाठचा_वकील

नांदेडला वकिली करतो, म्हणून "रोखीने" या शब्दापासूनच सुरू करतो. अमेरिकेत रोख म्हणजे बँकेच्या कर्जावर अडलेला नाही, पैसे तयार आहेत. आपल्याकडे रोख म्हणजे पिशवी. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त बयाना रोखीनं घेता येत नाही, आयकर कायद्यात २०१५ पासून तशी मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. पत्रात तो शब्द छापून तुम्ही निवृत्त मास्तरला आधीच दंडाचं आमंत्रण देताय. "पैसे खात्यावर" लिहा.

पत्त्याचं म्हणाल तर सूची क्रमांक २ बघा. खरेदीखत नोंदलं की सूची २ तयार होते, त्यात देणार-घेणार दोघांची नावं आणि पत्तेही असतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोध आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि गट किंवा प्लॉट नंबर टाकायचा. फार जुन्या वर्षांचं तिथं सापडत नाही, त्याला दुय्यम निबंधकाकडे अर्ज करून शोध घ्यावा लागतो. सूचीतला पत्ता खरेदीच्या दिवशीचा असतो, हे विसरू नका. त्यानंतर माणसाच्या तीन बदल्या झालेल्या असतात.

आणि पाचशे पत्रं टाकायच्या आधी त्या ले-आउटचे कागद बघा. नाहीतर पत्राला उत्तर येईल, बयाना जाईल आणि मग कळेल की घेण्यासारखं काही नव्हतंच.

आपल्या मराठवाड्याचं निजामाचं ओझं वेगळं आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसला, इतर हक्कात मदतमाश, खिदमतमाश (ही दोन्ही निजामकाळातली इनामं), देवस्थान, वक्फ, संरक्षित कूळ यातलं काहीही दिसलं, तर तिथंच थांबा. मदतमाशला नजराणा भरून वाट निघते, खिदमतमाशला नवख्यानं हात लावू नये. गुंठेवारीचा (मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडलेला) प्लॉट असेल तर नियमितीकरण झालंय का बघा. २००१ चा कायदा, त्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांना वाढवून दिली, पण प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय उपयोग नाही. निव्वळ शेतीच्या पट्ट्यात जिरायत २० आणि बागायत १० गुंठ्यांच्या खाली तुकडा घेऊ नका. आणि तुम्ही शेतकरी खातेदार नसाल तर शेतजमीन घेण्याचा विषयच सोडा.

मुखत्यारपत्रावर प्लॉट "दिला" म्हणणारे भेटतील. त्यानं मालकी येत नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय. अमेरिकेत करार दुसऱ्याच्या नावे फिरवून मधला नफा घेतात म्हणे, ते इथं बयानापावतीवर करायला जाऊ नका. दिवाणी दावे त्यातूनच येतात. माझी फी निघते, तुमची नऊ लाखांची पुंजी जाते.

---

छापखाना_जालना

पाच वर्षं झाली, प्लॉटिंगवाल्यांची पत्रकं छापतो, त्यामुळं धंद्याच्या विरोधात लिहितोय. छापू नका. पाचशे प्रती ऑफसेटला स्वस्त पडतात खऱ्या, पण प्रत्येक पत्रात प्लॉट नंबर आणि नाव वेगळं लागणार. ते हातानं लिहिलंत तरच पत्र, नाहीतर पेपरात घालून येणारं पत्रक. पन्नास लिहा. बोटं दुखली की आपोआप कुणाला लिहायचं ते नीट निवडाल.

---

काळीमाती

बीड. काही वर्षांपूर्वी आम्हीच विकला एक प्लॉट पत्रावरून, म्हणून सांगते. त्या माणसानं भाव लिहिला नव्हता, पण शेजारच्या दोन प्लॉटच्या मधे बांधकामाचा मलबा टाकलाय, तो तुमच्या हद्दीत आलाय, असं लिहिलं होतं. मोबाइलवर काढलेला फोटो छापून घातला होता. आमचे हे रिटायर झाल्यापासून तिकडं फिरकलेच नव्हते. बघून आधी चिडले, मग त्याच माणसाला फोन केला की बाबा, नक्की कुणी टाकलाय? पहिल्या फोनवर विकण्याचं नावही निघालं नाही. तीन महिन्यांनी निघालं.

सही करताना ह्यांनी त्याला विचारलं, मलबा तूच तर नव्हता ना टाकला? लई हसला तो. अजून खरं काय ते माहीत नाही.

---

बार्शीरोडवाला

सगळ्यांचं वाचून कागद फाडला. आईला (जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, आता निवृत्त) समोर बसवून नवं लिहिलं. तिनं "इच्छितो" तीन ठिकाणी खोडला. हे बघा:

"आदरणीय गुरुजी,

सा. न. मी बार्शी रोडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. आई जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका होती. आपला प्लॉट क्र. ... माझ्या दुकानामागं आहे. कुणी काही सांगितलं म्हणून नाही, नोंदणीच्या सूची २ मध्ये आपलं नाव आणि पत्ता बघून हे लिहितोय. प्लॉटचा या आठवड्यातला फोटो सोबत आहे. पूर्वेकडचा हद्दीचा दगड पडलाय.

हा प्लॉट विकायचा विचार कधी झाला तर मला कळवावं. खरेदी रजिस्ट्रीनंच होईल आणि पैसे बँक खात्यावर येतील. विकायचा नसेल तरी काही हरकत नाही, दगड उभा करून घ्यायचा असेल तर सांगा, माणूस बघून देतो. लातूरला आलात तर दुकानावर चहाला या."

खाली पूर्ण नाव, दुकानाचा पत्ता, माझा आणि आईचा नंबर. दगड ज्याचा पडलाय त्यालाच ते वाक्य, बाकीच्यांना जे दिसतंय ते.

---

मोगरा_७२

हे आलं असतं तर आईनं फोन केला असता. विकायला नाही, पण दगडासाठी नक्की. आईचा नंबर दिलात हे फार बरं केलंत. म्हाताऱ्या बायका अनोळखी पुरुषाला फोन करत नाहीत.

---

गोदाकाठचा_वकील

"सूची २ मध्ये बघून" हे वाक्य ठेवाच. नंबर कसा कळला याचं उत्तर पत्रातच दिलंत.

---

डॅलसकर_परभणीचा

मेव्हण्याला वाचून दाखवलं. म्हणाला, इतकं लांब कोण वाचतं. मी म्हणलं, परभणीचे गुरुजी वाचतात आणि शुद्धलेखन तपासून परत पाठवतात.

---

बार्शीरोडवाला

दीड महिन्यानं हिशेब द्यायला आलोय.

दोन ले-आउट धरले, दोन्ही एनए (बिगरशेती), भोगवटादार वर्ग १. सूची २ वरून ६४ पत्ते मिळाले. ६४ पत्रं आईनं आणि मी रात्री बसून लिहिली. तिकीट ५, पाकीट आणि कागद धरून ३, फोटोची प्रिंट ४. प्रत्येकी १२ प्रमाणं ७६८ रुपये. पाचशे खाकीचं बजेट सहा हजारांचं होतं.

१९ परत आली. ११ वर "सोडून गेले", ६ वर "पत्ता अपूर्ण", २ वर "मयत". टपाली काका, अपूर्णपैकी दोघांचा पिन सूचीतच चुकलेला होता, पुन्हा पाठवली.

फोन पाच आले. एकानं अर्धा तास झापलं, सूची २ लोकांना बघायला मिळतेच कशी म्हणून. ऐकून घेतलं. दुसऱ्यानं भाव सांगितला, त्यात मुंबईत दुकान आलं असतं. तिसरे म्हणाले प्लॉट त्यांनी मागंच विकलाय. ती माझी चूक, नंतरच्या वर्षांची सूची बघायची राहिली. चौथ्या गुरुजींनी पत्रातल्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांगितल्या (डॅलसकर भाऊ, तुमच्या तोंडात साखर) आणि दगड उभा करून घेतला. माणसाचे आठशे रुपये लगेच खात्यावर पाठवले. विकायचं नाही म्हणाले.

पाचवा फोन आईच्या नंबरवर आला. कोथरूडहून एक काकू. पत्र त्यांच्या यजमानांच्या नावानं होतं, ते जाऊन सहा वर्षं झाली. तरी त्यांनी पत्र फोडलं, कारण पाकिटावरचं अक्षर "आमच्या शाळेतल्या बायांसारखं" वाटलं म्हणे. दोघी पाऊण तास बोलल्या. किल्लारीच्या भूकंपावेळी दोघी एकाच तालुक्यात नोकरीला होत्या असं निघालं. प्लॉटचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत आला. काढायचा आहे, पण कागदावर नाव अजून यजमानांचंच आहे.

---

गोदाकाठचा_वकील

मृत्युपत्र?

---

बार्शीरोडवाला

नाही सर. काकू, एक मुलगा पुण्यात, दोन मुली. एक सोलापूरला, एक हैदराबादला. सासूबाई पण आहेत, औशाला धाकट्या दिराकडं.

---

गोदाकाठचा_वकील

मग पाच सह्या. सासूबाईंना विसरू नका, मुलाच्या मिळकतीत आई प्रथम वर्गाची वारस असते आणि नेमकं तिथंच लोक फसतात. आधी वारस नोंदीचा फेरफार होऊ द्या, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं चढू द्या. तो प्रमाणित होईपर्यंत एक रुपया बयाना देऊ नका. मग एकतर पाचही जणांनी खरेदीखतावर सही करायची, नाहीतर ज्यांना हिस्सा सोडायचा आहे त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं. "बहिणी काही म्हणणार नाहीत" या वाक्यावर माझं घर चालतं.

---

काळीमाती

मुलींशी काकूंच्या समोर बोला, भावाच्या मार्फत नको. माझ्या माहेरी भावानं परस्पर "ताईची हरकत नाही" सांगितलं होतं. हरकत होती.

---

हुरडापार्टी

७६८ रुपयांत पाच वारस. हुरडा संपला, पण उठवत नाही.

---

बार्शीरोडवाला

रविवारी आई आणि मी कोथरूडला निघालोय. काकूंनी आईला जेवायला बोलावलंय, मला नुसतं "तुमचा मुलगा पण येऊ द्या" असं म्हणाल्या. आईनं शेंगदाण्याची चटणी कांडून ठेवलीय. वकीलसाहेब, फेरफाराच्या अर्जाला लागणाऱ्या कागदांची यादी व्यनि (खासगी निरोप) करा. परत आलेल्या "सोडून गेले"वाल्या अकरा पत्रांचं काय करू, टपाली काका?

---

जुना_टपाली

फेकू नका. पत्त्यावरची कॉलनी लातूरचीच असेल तर सकाळी नऊच्या आत त्या गल्लीत जा, किराणा दुकानात विचारा. बदलीवर गेलेल्या माणसाची उधारी कुठं पाठवायची ते दुकानदाराला पाठ असतं. आणि औशाच्या आजींना पत्र लिहिणार असाल तर आंतर्देशीयच घ्या. अक्षर मोठं काढा.